कवडीखालची बदकं

अकोला, माघ शु. ५, शके १७८५

तीर्थरूप राजश्री दादा यांचे सेवेशी,
बालक खुशालरावाचा शि. सा. नमस्कार. वि. वि. इकडे सर्व क्षेम. कापसाला असा भाव आजोबांनीही पाहिला नसेल. गाडीवान सुद्धा जरीचे फेटे बांधून हिंडतात आणि बैलांच्या शिंगांना पितळी शेंब्या आल्या आहेत.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, येऊन चि. सकूला कायमची इकडे आणावी म्हणतो. तिची आई गेल्यापासून वहिनींनीच तिला वाढवलं, ते उपकार फिटायचे नाहीत. पण जयवंताशी माझं दुसरं लग्न होऊन वर्ष झालं. लग्नात पोर वहिनींच्या पदराआडून बाहेर आली नाही, ते जयवंताच्या मनातून जात नाही. ही आपल्याला कधी आई म्हणेल का, हाच तिला घोर.

तिच्या माहेरी मोरणा नदीच्या काठी बदकं आहेत. आपल्या गावाकडे परतणाऱ्या कापसाच्या गाडीतून तिनं सकूसाठी बदकाची अंडी धाडली आहेत, कापसाच्या मऊ रुईत गुंडाळून. खुडूक कोंबडी असेल तर तिच्याखाली ठेवावीत. लोभ आहेच, तो वाढता ठेवावा.

आपला,
खुशाल


तिवसा, माघ वद्य २

चि. खुशालराव यांसी गोवर्धनाचा अनेक आशीर्वाद. अंडी पोचली. दोन फुटली, बाकीची धडधाकट. आमची कवडी कोंबडी नेमकी खुडूक होऊन बसली होती, कुणी जवळ गेलं की अंग फुगवून चोच मारायची. तुझ्या वहिनीनं अंडी दिवसभर थंड जागी टेकवली, मग टोपलीत भुसा घालून तिच्याखाली सारली. कोंबडीनं कुणाची म्हणून विचारलं नाही.

सकूनं मात्र तोंड फिरवलं. त्या बाईची अंडी मले नाही पायजेत, असं स्वच्छ सांगून मोकळी झाली. मोठी मायले सोडून मी अकोल्याले जात नाही, हेही बजावलं. पण कवडी दाणे टिपायला उठली की टोपलीवर पोतं कोण टाकतं, ते मी पाहतो. लिहिलं हे तिला कळू देऊ नकोस. जयवंताबाईंना आशीर्वाद.

तुझा,
गोवर्धन


तिवसा, फाल्गुन शु. १०

चि. खुशालराव यांसी आशीर्वाद. पत्र घाईत लिहितो, ताबडतोब उत्तर दे.

तीन आठवडे उलटून गेले, अंड्याला साधी चीर नाही. तुझ्या वहिनीचा, माणिकबाईंचा शब्द म्हणजे या घरात वरच्या कोर्टाचा निकाल. अंडी गाडीच्या हिसक्यानं नासली, असं जाहीर करून ती कवडीचं खुडूक मोडायला हौदात बुचकळायला निघाली. तर सकू टोपलीवर आडवी पडली. तिचं म्हणणं एवढंच, की त्या बाईनं मले नासकी अंडी कावून धाडली असतीन? मोठ्या मायनं आयुष्यात पहिल्यांदा निकाल तहकूब करून कवडीला खाली ठेवलं, आणि खोटं कशाला बोलू, मला मजा वाटली.

पण आता खरं सांग. अंडी नासलीच असतील तर पोरीचा हा नवा भरवसा कायमचा जाईल, आणि मग आखाजीला तू रिकामाच परत जाशील. मी तिला ओढून गाडीत घालणार नाही.

तुझा,
गोवर्धन


अकोला, फाल्गुन पौर्णिमा

ति. दादांस शि. सा. नमस्कार. पत्र वाचून दाखवलं, तर जयवंता कपाळाला हात लावून बसली. बदकाच्या अंड्याला चार आठवडे लागतात. मोरणेकाठच्या शेंबड्या पोरालाही ते ठाऊक, म्हणून सांगायचं तिच्या ध्यानातच आलं नाही. सगळ्या जगाचं माहेर नदीकाठीच आहे असं तिला वाटतं! आता कोमट पाणी हलकेच शिंपडा म्हणते, कवच मऊ पडतं. निघालेल्या पिल्लांना पंधरा दिवस डोहापासून लांब ठेवा, कोंबडीच्या पोटाखालच्या पिल्लांना पिसांचं तेल मिळत नाही, त्याविना ती भिजून बुडतात.

टोपलीवर आडवी पडल्याचं मी पुन्हा वाचावं म्हणून हट्ट धरून बसली आहे. हे तिसऱ्यांदा वाचतो आहे. वहिनींस नमस्कार, आणि कवडीला हौदात घालू नये ही विनंती.

आपला,
खुशाल


तिवसा, चैत्र शु. ५, शके १७८६

चि. खुशालराव यांसी आशीर्वाद. तुझं पत्र येण्याच्या आदल्या दिवशीच, भर धुळवडीत, पिल्लं निघाली. सकू तोवर पत्राची वाट न पाहता टोपलीपाशी ठाण मांडून होती. पिवळी, चपट्या चोचीची ती पाहून गावातली बाई न बाई येऊन गेली.

परवा पिल्लं डोहात शिरली. कवडी काठावर आकांत करू लागली, आणि तिच्यापेक्षा मोठा आकांत तुझ्या वहिनीनं केला. लुगडं खोचून गुडघाभर पाण्यात! सकूनं तिचा पदर धरून ओढून आणली. त्यायले येते पोहता, पत्रात तिनं सांगतलं हाय ना, असं समजावत होती. माणिकबाई ओल्यानंच काठावर बसून पिल्लांकडे पाहत राहिली. पोर जाईल आता, असं मला म्हणाली. पण अडवणार नाही, हेही म्हणाली. पोरीला कशाचाही तोटा पडू देऊ नकोस, नाहीतर मोठी माय अकोल्यास येऊन तुझी हजेरी घेईल.

आखाजीला ये. सकूनं सांगितलेलं पत्र सोबत जोडतो.

तुझा,
गोवर्धन


~~सौ. जयवंताबाई यांसी~~
तीर्थरूप सौ. आईचे पायाशी,
सकूचा दंडवत. पिल्लं चांगली आहेत. सगळ्यात लहान एक लंगडतं, त्याला काय करायचं ते सांग. कोंड्याबरोबर कांद्याची पात देऊ का? आखाजीला बाबांबरोबर तू पण ये. मोठी माय म्हणते, आल्यावर चार दिवस राहावं लागेल.

तुझी,
सकू

ता. क. मायना आधी मी माझ्या मनानं घातला होता. तो खोडायला लावून तिनं दुसरा सांगितला. खाडाखोडीबद्दल जयवंताबाईंनी रागावू नये. — गोवर्धन