त्या दिवसाचा भाव

सिंधीपुरा, बुऱ्हाणपूर
९ फेब्रुवारी

प्रिय पूर्णिमा,

हे सगळं फोनवर सांगायचं दोनदा ठरवलं आणि दोनदा फोन खाली ठेवला. फोनवर मी मध्येच रडले असते, तू 'जाऊ द्या आत्या' म्हणाली असतीस, आणि सांगायचं ते राहूनच गेलं असतं. म्हणून कागद घेतला. अक्षर पूर्वीसारखं राहिलेलं नाही, सांभाळून घे.

इकडे थंडी सरत आली. शाळेतून निवृत्त होऊन मला तीन वर्षं झाली. सकाळी राजघाटापर्यंत चालून येते. तापीचं पाणी खाली गेलंय, पायऱ्या उघड्या पडल्यात. परतताना केळीच्या गाड्या आडव्या येतात, त्या जाईपर्यंत थांबते, मग घर. घरात बोलायला कुणी नाही. तुला आठवतं का, या घरात आपण चौघं कसे दाटीवाटीने राहायचो? तुझी आई गेली तेव्हा तू चार वर्षांची होतीस. आजी तुला भरवायची, मी तुझ्या दोन वेण्या घालून शाळेत जायची, आणि तुझे बाबा सायकल काढून इतवारा बाजारात. तिथल्या शेअर दलालाच्या ऑफिसात ते लोकांचे पैसे गुंतवायचं काम बघायचे. कापडवाले, मास्तर, पेन्शनवाल्या बायका, सगळे डोळे मिटून त्यांच्याकडे चेक द्यायचे. 'लीलाधरभाऊ को दे दिया, बस, हो गया,' असं म्हणायचे लोक. मी त्यांची मोठी बहीण म्हणून मलाही बाजारात मान मिळायचा.

दोन हजार आठच्या जानेवारीत मी लीलूला एक लाख वीस हजार दिले. भविष्य निर्वाह निधीतून काढले होते. माझं खातं नव्हतं, म्हणून त्याने स्वतःच्या खात्यात शुभांकर बेअरिंग्ज नावाच्या कंपनीचे शंभर शेअर घेतले. संध्याकाळी येऊन म्हणाला, 'ताई, अकराशे चौऱ्याऐंशीला मिळाले.' मी मान डोलावली. त्या वर्षी बाजार कसा कोसळला ते तुला माहीत नसेल, तू लहान होतीस. नोव्हेंबरात आजी न्हाणीघरात पडली, मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशनला पैसे लागले. मीच म्हटलं, विकून टाक. तो म्हणाला, 'थोडं थांबू या, पुढं वर येईल, मी दुसरीकडून बघतो.' मी ऐकलं नाही. चारशे वीसला विकले आणि बेचाळीस हजार त्याने माझ्या हातात ठेवले. ठेवताना त्याची मान वर होत नव्हती. मीच त्याला समजावलं, बाजार आहे, चालायचंच. तेव्हा माझ्या मनात काहीच नव्हतं, हे तुला सांगायला हवं.

मनात आलं ते आठ वर्षांनी. आमच्या शाळेतले योगेश सर शेअर बाजाराचे शौकीन. एकदा मधल्या सुट्टीत मोबाइलवर कुठल्याही कंपनीचा जुना भाव कसा बघायचा ते दाखवत होते. मी सहज म्हटलं, शुभांकर बेअरिंग्ज, दोन हजार आठचा जानेवारी, अमुक तारीख. त्यांनी बोट फिरवलं. एकशे अठरा रुपये चाळीस पैसे. मी म्हटलं, पुन्हा बघा. पुन्हा तेच. एकशे अठराचा शेअर तुझ्या बाबांनी मला अकराशे चौऱ्याऐंशीला सांगितला होता. पुढचा तास मी सातवीला कसा शिकवला, मला आठवत नाही.

पूर्णिमा, मी गणिताची बाई. चाळीस वर्षं मुलांना सांगत आले, की उत्तर आलं म्हणून थांबू नका, ताळा करून बघा. त्या दिवशी मी ताळा केला नाही. शेअर विकले त्या तारखेचा भाव तेवढा विचारला असता, तर त्याच मोबाइलवर बेचाळीस रुपये दिसले असते. बेचाळीसने शंभर शेअर विकले तर चार हजार दोनशे येतात, आणि लीलूने माझ्या हातात बेचाळीस हजार दिले होते. चोरी करणारा माणूस दहापट परत कशाला देईल? एवढं तर सातवीच्या पोरीलाही कळलं असतं. मला ती एकच तारीख बघायची होती. का, ते आता कळतं. आजीचं अंथरूण मी काढायची, तिची लघवीची भांडी मी धुवायची, आणि ती आल्यागेल्याला सांगायची, माझा लीलू आहे म्हणून मी आहे. मला ते आत कुठेतरी खुपत होतं. त्याचा काही दोष सापडला, तर तो मला हवाच होता.

पुढच्याच महिन्यात आजी गेली. तेराव्याला निंबोल्याहून आजीचे भाऊ दगामामा आले होते, इतवाऱ्यातली बाबांची गिऱ्हाइकं आली होती. जेवणं झाली, आणि दगामामा सगळ्यांसमोर म्हणाले, 'लीलूनं आईचं लई केलं. असा पोरगा पाहिजे.' माझ्या हातात ताकाचं भांडं होतं. मी ते खाली ठेवलं आणि बोलले. सगळं बोलले. तारीख, भाव, एक लाख वीस हजार. शेवटी 'चोर' हा शब्दही बोलले. लीलू माझ्याकडे बघत हळूच म्हणाला, 'ताई, तो भाव आजच्या हिशेबाचा आहे गं, त्या दिवसाचा नाही.' मी म्हटलं, होऊन गेलेला दिवस कधी बदलतो का? तो म्हणाला, 'माझ्याकडे खरेदीची चिठ्ठी आहे, आणून दाखवतो.' मी म्हटलं, चिठ्ठ्या काय, छापूनही मिळतात. मग तो आणायला गेलाच नाही. तू तेव्हा मागच्या खोलीत पोरींबरोबर पानाचे विडे बांधत होतीस. तुझ्या कानावर काही गेलं नाही, एवढंच त्या दिवशी बरं झालं.

ज्याच्या हाती लोक डोळे मिटून पैसे देतात, त्याला सख्ख्या बहिणीने चोर म्हटलं तर काय होतं, ते मी दोन महिन्यांत पाहिलं. एकेक करून माणसं आपले कागद परत घेऊन गेली. तुझं अकरावीचं वर्ष मध्येच तोडून तुम्ही इंदूरला गेलात. तिथे चांगली कॉलेजं आहेत, असं त्याने तुला सांगितलं होतं ना? मी दारात उभी होते. तू रिक्षातून हात हलवत होतीस. पहिली तीन वर्षं राखीला त्याचा फोन यायचा. मी उचलला नाही. चौथ्या वर्षी फोन आलाच नाही. नंतर त्याने कापड दुकानात उभं राहून नोकरी केली, पाय सुजायचे, हे मला तुझ्याकडून कळलं, तेही तो गेल्यावर. तो गेला त्या डिसेंबरात मी इंदूरला आले तेव्हा तू गळ्यात पडलीस, आणि मी तुझ्या पाठीवर हात फिरवत मनात म्हणत होते, मी त्याला माफ केलं. बघ, माझी ऐट कुठवर होती.

निवृत्तीनंतर मी स्वतःचं खातं उघडून दुसऱ्या एका कंपनीचे थोडे शेअर घेतले होते. गेल्या कार्तिकात एका सकाळी बघते तर तेवीसशेचा शेअर चारशे साठवर. धावत इतवाऱ्यातल्या ऑफिसात गेले. तिथे वैशाली म्हणून मुलगी आहे. तिने पाणी दिलं आणि म्हणाली, 'मॅडम, टेन्शन नका घेऊ. शेअरचे तुकडे झालेत, एकाचे पाच. भाव पाचवा हिस्सा झाला, पण शेअर पाचपट होतील. तुमचं काहीच गेलं नाही.' मी तिच्या पडद्याकडे बघत होते. म्हटलं, मग मागच्या वर्षीचा भावसुद्धा चारशेच्या आसपास कसा? मी तर दोन हजारांना घेतला होता. ती हसली. म्हणाली, 'मागचे भावही भागून दाखवतात, नाहीतर ग्राफ बघणाऱ्याला वाटेल कंपनी एका दिवसात बुडाली. त्या दिवशी खरंच काय भाव होता ते पाहायचं असेल, तर एक्स्चेंजची त्या दिवसाची यादी काढावी लागते.'

मी उठले होते, पण परत बसले. तिला शुभांकर बेअरिंग्ज म्हटलं आणि दोन तारखा सांगितल्या. दोन हजार तेरामध्ये त्या कंपनीच्या एका शेअरचे दहा झाले होते. वैशालीने दोन्ही दिवसांच्या याद्या शोधून छापून दिल्या. एकीत अकराशे चौऱ्याऐंशी, दुसरीत चारशे वीस. पैशाचाही फरक नाही. ती विचारत होती, मॅडम, काय झालं?

ते दोन कागद घेऊन मी फिरले. तेराव्याला जी माणसं होती, त्यांतली जी जिवंत आहेत त्या सगळ्यांच्या घरी गेले. निंबोल्याला दगामामांकडे गेले. त्यांना आता नीट ऐकू येत नाही, त्यांच्या कानाशी ओरडून सांगितलं, की लीलू खरा होता, मी खोटी. ते बराच वेळ माझा हात धरून बसले. इतवाऱ्यातल्या मनकर्णाबाईंनी सगळ्यात आधी पैसे काढून घेतले होते. त्यांनी कागद हातात घेतलेच नाहीत. म्हणाल्या, 'आता मला दाखवून काय फायदा बाई? त्याला दाखवायचं होतं ना.' मी म्हटलं, हो.

परवा तुझ्या लग्नाची पत्रिका आली. सोबतच्या चिठ्ठीत तू लिहिलंस, की कन्यादानाला बाबांच्या जागी तुम्हीच बसा आत्या, बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, माझ्या ताईइतकं सरळ माणूस मी पाहिलं नाही. ते वाक्य मी वाचलं आणि दोन दिवस चूल पेटवली नाही. त्याने तुला काहीच सांगितलं नाही. इतकी वर्षं त्याने तुझ्या मनात मला सांभाळून ठेवलं, आणि आता मी गप्प राहून त्या पाटावर बसले, तर ती मात्र खरी चोरी होईल. म्हणून हे पत्र. ते दोन्ही कागद सोबत जोडले आहेत. माफी मागत नाही, ज्याच्याकडे मागायची तो नाही. तू सगळं वाच, हवा तेवढा वेळ घे, आणि मग त्या जागी कुणाला बसवायचं ते तूच ठरव. मला नको म्हणालीस तर ते बरोबरच असेल, आणि ते तुला मला समजावूनही सांगावं लागणार नाही.

तुझीच,
उषाआत्या