टकटक चालूच होती

प्रिय ठोंब्या,

बसचं पक्कं झालं, हे आईने कळवलं. सोमवारपासून शाळेची बस तुझ्या हातात! आईच्या पोटात गोष्ट राहत नाही, त्यामुळे एव्हाना गल्लीभर झालंच असेल. लहानपणी ताटाचं स्टिअरिंग करून तोंडाने हॉर्न वाजवायचास आणि मला प्रवासी करायचास. माझं जेवण थंड व्हायचं, पण शेवटचा स्टॉप आल्याशिवाय तू मला उठू द्यायचा नाहीस.

आमच्याकडे एक गंमतच झाली. यंत्रांच्या थरथरीची नोंद ठेवणारा आमचा एक संगणक आहे, त्याचं घड्याळ रोज थोडं मागे पडायला लागलं. साहेब म्हणाले, सेल बदला. बदलला. मग सगळ्यांनी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या बाईंना धरलं; चोर सोडून संन्याशाला फाशी. संगणकाच्या स्वतःच्या नोंदी पाहाव्यात तर एकदम स्वच्छ, कुठे अडलो नाही की थांबलो नाही. असं काही दिसलं की मला अन्न गोड लागत नाही, हे तुला माहीत आहे. शेवटी मी अचूक ठोके देणारं एक यंत्र आणून शेजारी जोडलं आणि दोघांचे ठोके ताडून पाहिले. तेव्हा पाणी कुठे मुरतंय ते कळलं.

संगणकाच्या बोर्डात कारखान्यातूनच एक छोटा प्रोग्रॅम भरलेला असतो, त्याला फर्मवेअर म्हणतात. पंखा फिरतोय ना, फार तापलं नाही ना, हे बघायला तो अधूनमधून सगळं काम थांबवतो आणि कोणाला पत्ता लागू देत नाही. तेवढ्या वेळात पडलेले घड्याळाचे ठोके मोजायचे राहून जातात. मग संगणक अर्धवट काम तिथूनच पुढे नेतो. आपण मध्ये नव्हतो हे त्याला कळायला मार्गच नाही! तुझ्या दाजींना मी हे जेवताना दोनदा समजावलं. दुसऱ्यांदा ते ताट घेऊन बाहेरच्या खोलीत गेले.

त्याच नादात तुझी तक्रार हाती घेतली. माझ्या चिमणीसाठी तू गोष्टी वाचून, रेकॉर्ड करून पाठवतोस, त्यात मध्येच आवाज गायब होतो, मी दिलेला रेकॉर्डर शब्द खातो, अशी तुझी कुरकुर. तुझ्या भाचीला त्याचीही मजा. मामा थांबला की तीही तोंड उघडं ठेवून थांबते. मी सगळ्या गोष्टी कान देऊन ऐकल्या. राक्षस दाराला हात लावतो आणि मध्येच शांतता. मग तिथूनच पुढे, एक अक्षर गाळलेलं नाही.

पण रेकॉर्डर अडला असता, तर मधल्या वेळात काहीच ऐकू आलं नसतं. तुझ्या भिंतीवरचं ते आगाऊ घड्याळ मात्र टकटक करतच होतं. थांबला होतास तो तू. मी घाबरले, खोटं कशाला सांगू? लहानपणी तुझा घास हातातच राहायचा, डोळे उघडे, आणि बाबा म्हणायचे, लागली समाधी. आपण हसायचो, आणि काय झालं म्हणून तू आम्हालाच विचारायचास. ओळखीच्या डॉक्टरीणबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, मेंदूचं असं क्षणभर अडणं हा आजार असू शकतो, औषधाने बहुतेकांचा आटोक्यात येतो, पण तपासणी होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. शुक्रवारची वेळ घेतली आहे, मी येतेय. फोनवर तू हसण्यावारी नेलं असतंस, म्हणून हे पत्र. सोमवारी बस काढू नकोस. रागाव, अबोला धर, पण काढू नकोस, त्यात कोणाकोणाच्या चिमण्या बसलेल्या असतील. मला काही जाणवत नाही असं म्हणशील. अरे, तुला ते जाणवणारच नाही. तुझंच एक रेकॉर्डिंग मोबाइलवर परत पाठवलं आहे. ते लाव, डोळे मीट, आणि राक्षस दाराशी आला की तुझ्या घड्याळाचे ठोके मोज.

तू बोललास, नाही बोललास, तरी तुझीच,
ताई