एकोणतीस नंबरचा डावा मोजा

ता. ४ जुलै

ती. ताईस,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

म्हणजे पुन्हा तेच! मास्तरला काढा आणि तुझ्या दिराला घ्या. तीन पत्रं झाली, तुझा हेका काही सुटत नाही. तिकडे शिवणयंत्रापाशी बसून तुला कळतं की मास्तरचे गुडघे गेले, आणि मी रोज त्याच्या चड्ड्या धुतो तर मला कळत नाही. गुडघे गेलेल्या माणसाच्या चड्डीला मागे माती लागते, ताई, कारण तो पडतो. मास्तरच्या चड्डीला माती नसते. पस्तिशीचा गडी, पळतो कमी हे कबूल, पण चेंडू कुठे पडणार ते त्याला चेंडूच्या आधी ठाऊक असतं.

दाजींनाही वाचून दाखव, म्हणजे ते तरी माझी बाजू घेतील. क्लबच्या फुटबॉल सरावाला एकतीस जण आहेत, मोसमासाठी ठेवायचे पंचवीस. यादी महिन्याच्या शेवटी लागेल. तीन गोली ठरलेले आहेत. मागच्या फळीतून तो लांब केसांचा जाणार, ज्याच्या मोज्यात मला रोज च्युइंगमचा कागद सापडतो. त्याबाबत आपलं भांडण नाही. भांडण आहे ते मधल्या फळीतल्या शेवटच्या जागेचं. जागा एक आणि माणसं दोन, मास्तर आणि टाचणी. (हो, तुझ्या दिराला इथेही टाचणीच म्हणतात. मी कोणाला सांगितलं नव्हतं, त्याच्या अंगकाठीनेच सांगितलं.)

तो वाईट खेळतो असं मी म्हणतच नाही. परवा दोघांच्या मधून असा सटकला की ते दोघे एकमेकांवर आपटले आणि हा पुढे जाऊन उभा. पण तो तेवीस वर्षांचा आहे. त्याला पुढचं वर्ष आहे. मास्तरला नाही.

आणि मास्तरचे माझ्यावर उपकार आहेत ते वेगळेच. सहावीतून पळालेला मी, पण सरावानंतर मशीन फिरत असते तेव्हा हा माणूस धुलाईघरातल्या बाकावर बसून माझ्याकडून अक्षर गिरवून घेतो. आता धुलाईघराच्या चिठ्ठ्या मी स्वतः लिहितो. पूर्वी अंगठा दाखवून हसायचो, आता सही करतो.

पैज तीच. मी हरलो तर ही नोकरी वर्षभर सोडणार नाही. सहावी नोकरी आहे, तूच मोजत असतेस. तू हरलीस तर मला आतून दोन खिसे असलेला कोट शिवायचा, आणि कापड चांगलं घ्यायचं.

चिडलीस तरी पत्र टाकत जा, माया तेवढी आटू देऊ नकोस.

तुझा,
भिंगरी


ता. ११ जुलै

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

चड्डीच्या मातीवरून माणूस ओळखणारे तुम्ही, तुमच्यापुढे आम्ही काय बोलणार? तुझं पत्र मी दुकानात मोठ्याने वाचलं. माप द्यायला आलेली नर्स इतकी हसली की तिचं कमरेचं माप चुकलं. झगा सैल झाला तर तुझ्या नावावर टाकीन.

माझी यादी मी बाहीच्या कागदी नमुन्यामागे लिहून भिंतीला लावली आहे. चोवीस जणांवर आपलं जमतं, म्हणजे तुला अगदीच काही कळत नाही असं नाही. पण मागच्या मोसमात पाच सामने शेवटच्या वीस मिनिटांत गेले. रेडिओ मीही ऐकते. त्या वीस मिनिटांत तुझा मास्तर मैदानात उभा होता ना? उभाच होता. आमचे भाऊजी असते तर पळाले असते. हे म्हणतात की दोघांनाही घ्या आणि भांडण मिटवा. यांचं नेहमीचं. कपात चहा कमी पडला तरी हे म्हणतील, दोघांनी अर्धा अर्धा घ्या.

भाऊजींचं मला इतकं का, असं तू विचारत नाहीस, पण मला ऐकू येतं. मी या घरात आले तेव्हा ते दहा वर्षांचे होते. मशीनच्या पायडलपाशी बसून चिंध्या जोडायचे. आजही टाके घालतील तर माझ्या हातचे की त्यांच्या, सांगता येणार नाही. त्यांना चेंडूशिवाय दुसरं काही येत नाही आणि दुसरं काही नकोही आहे. या वेळी जागा गेली तर ते पुन्हा कोणाच्या दारात उभे राहणार नाहीत, मला ठाऊक आहे.

आता एक काम सांगते, ते वाद न घालता कर. त्यांची कपड्यांची पिशवी तूच धुवायची, दुसऱ्या कोणाला उघडू द्यायची नाही. आत काही कमी-जास्त दिसलं तर गप्प बसायचं. कारण विचारू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही हे तुलाही माहीत आहे.

जेवणाची हयगय करू नकोस, आणि बहिणीशी भांडतोस तेवढ्याच हक्काने तिची आठवणही काढत जा.

तुझी,
ताई


ता. १८ जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कारण विचारू नकोस? बरं, नाही विचारत. पण मी काय त्याचा खास धोबी लागून गेलो? एकतीस पिशव्या आहेत, जाळीच्या, प्रत्येकीवर नंबर. खेळाडू त्या खिडकीतून देतात, मी मोजतो, मशीनमध्ये टाकतो. एकोणतीस नंबरची पिशवी हाराफुलांनी सजवून वेगळी धुवायची होय? मला तू कधी असं जपलं नाहीस. आई गेली तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. मला तू होतीस. मग तू लग्न करून त्या घरात गेलीस, आणि तिथे माझ्याच वयाचा एक जण पायडलपाशी बसून होता, त्याला मिळालीस. लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं. खोडत नाही, कारण मास्तर म्हणतो की खोडाखोड करू नये.

आणि तुझ्या लाडक्या पिशवीत काय कमी-जास्त असतं ते ऐक. एक मोजा असतो, फक्त उजवा. डावा नसतोच. एकदा नाही, आठ वेळा. आमच्या धुलाईघराच्या प्रमुखाला मी बॉयलर म्हणतो, कारण त्याच्या तोंडातून कायम वाफ निघत असते. त्याने सगळ्यांदेखत मला विचारलं की मी मोजे भाकरीबरोबर खातो की नुसतेच. मी टाचणीला गाठलं. तो हसला आणि म्हणाला की देतो, सगळे एकदमच देतो. कधी, ते सांगेना.

मग मी नियमाप्रमाणे चिठ्ठी लिहिली. २९ नंबर. डावा मोजा नाही. आठ वेळा. खाली माझी सही, एका रेघेत. दाराशेजारच्या खिळ्याला लावली. महिनाअखेर बॉयलर सगळ्या चिठ्ठ्या काढतो.

मास्तरला अक्षर दाखवलं. चांगलं आलंय म्हणाला. मग पुन्हा वाचलं आणि म्हणाला की एक-दोन दिवस थांब, लगेच लावू नको. मी म्हटलं की नियम म्हणजे नियम, बोलणी मी खायची का? त्या दिवशी त्याने शिकवलं नाही, लवकर उठून गेला. मोठी माणसं कधीकधी उगीच फुगतात.

सराव जोरात आहे. टाचणी चांगला खेळतोय, हे तुला बरं वाटावं म्हणून लिहितो. खरंही आहे.

ओरड, पण परकं करू नकोस.

तुझा,
भिंगरी


ता. २४ जुलै

चि. भिंगरी,

आशीर्वाद नंतर. आधी ती चिठ्ठी काढ आणि फाडून टाक. हे वाचून होईपर्यंत थांबू नकोस.

मे महिन्यात दुकानाची नवी पाटी लावायला मी भाऊजींना शिडीवर चढवलं. हे म्हणत होते की उद्या माणूस बोलावू, मलाच धीर नव्हता. शिडी सरकली. डावा घोटा. हाडाला चीर आहे, तीन महिने पाय टेकायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. भाऊजी पाच आठवड्यांत निघाले. सरावानंतर घोटा सुजतो, दुसऱ्या दिवशी मोजा चढत नाही, म्हणून कात्रीने चिरून घालतात. चिरलेला मोजा धुवायला कसा टाकतील? कोणीही विचारेल की का चिरला.

तुला सांगायला हवं होतं. तुझ्या पोटात राहत नाही हे मी कारण केलं. माझ्या घाईपायी त्यांचा पाय गेला हे तुला कळायला नको होतं, हे खरं. इतकी वर्षं मी तुला घाई करू नकोस म्हणून रागावत आले.

तू नऊ वर्षांचा होतास ते मी विसरले नाही. त्याबद्दल सावकाश लिहीन. चिठ्ठी काढ.

ताई


ता. ३० जुलै

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र काल पोचलं. यादी परवा ठरली.

यादी कशी ठरते ते तू नेहमी विचारायचीस, म्हणून सगळं लिहितो. आमचं इस्त्रीचं टेबल या इमारतीत सगळ्यांत लांब आहे. परवा दुपारी कोच आणि त्याचा मदतनीस धुलाईघरात आले आणि एकतीस जर्सी त्या टेबलावर मांडायला लावल्या. डावीकडे ठेवायच्यांचा ढीग, उजवीकडे सोडायच्यांचा. मला इस्त्री चालू ठेव म्हणाले. आपला लांब केसांचा राहिला, आपण दोघांनीही काढलेला. कोच म्हणाला की तो डोक्याने इतके चेंडू अडवतो की त्याचे केस कापायचीही भीती वाटते.

शेवटी टेबलाच्या मधोमध दोनच उरल्या. मास्तरची आठ नंबर आणि एकोणतीस. मदतनीस मास्तरसाठी भांडत होता, की सामन्याआधी खोलीत पोरं घाबरली की हा नुसता बसला तरी शांत होतात. कोच म्हणाला की शेवटची वीस मिनिटं बसून जात नाहीत, तिथे पळावं लागतं. जसं काही तुझंच पत्र वाचून आला होता. एकोणतीस नंबर माझ्या इस्त्रीसमोरून चार वेळा इकडची तिकडे झाली. मग कोचने ती डावीकडे ठेवली आणि तिच्यावर हात ठेवला.

मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगतो ताई, मला बरं वाटलं. मास्तरची आठ नंबर उजवीकडे गेली आणि तरी बरं वाटलं. तू जिंकलीस हे कसं लिहायचं, त्याची वाक्यं मी मनात जुळवायला लागलो होतो.

सगळ्यांचे पाय ठीक आहेत ना, एवढं विचारायला त्यांनी डॉक्टरला बोलावलं होतं. तो एरवी धुलाईघरात पाऊल टाकत नाही. इथला वाफारा सोसेना म्हणून दाराशीच उभा राहिला आणि रिकामा उभा म्हणून खिळ्यावरच्या चिठ्ठ्या वाचायला लागला. मग त्याने विचारलं की आठही वेळा डावाच मोजा कसा हरवतो. कोचने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, मला माहीत नाही. ते खरंच होतं. मी म्हणू शकलो असतो की मशीनने फाडले, माझ्या हातून हरवले, मी खाल्ले. पण मला माहीतच नव्हतं की खोटं बोलायची ती वेळ आहे.

टाचणीला बोलावलं, बूट काढायला लावला. घोट्याचा फोटो काढला. चीर पुन्हा उघडली आहे. डॉक्टर म्हणाला की आणखी महिनाभर खेळला असता तर पाय कायमचा आखडला असता. हे मी माझा दोष कमी व्हावा म्हणून लिहीत नाही. तुला कळायला हवं म्हणून लिहितो.

सोडलेल्यांच्या जर्सीवरचे नंबर मीच काढतो. वरून गरम इस्त्री धरायची, डिंक सुटला की टोक पकडून ओढायचं. दोन सुटला. नऊला वेळ लागला. नंबर निघाला तरी कापडावर त्याची जागा दिसत राहते, तिथला रंग उडालेला नसतो ना.

आणि संध्याकाळी तो आला, खिडकीतून नाही, दारातून, लंगडत. आता लपवायचं काही नव्हतं. त्याने टेबलावर आठ मोजे ठेवले, सगळे डावे, धुतलेले. (मी गाठल्यापासून त्याने नवा चिरला नव्हता, तेच फिरवून घातले.) चिरलेले होते ते त्याने शिवले होते, तुझ्या टाक्यांनी. हात फिरवला तरच शिवण लागत होती. म्हणाला की मोजणी पूर्ण करून घे. आणि म्हणाला की माझ्यामुळे तुला बॉयलरची बोलणी खावी लागली असतील, रागावू नकोस. ताई, तो माझी माफी मागत होता.

चिठ्ठी कोणाची हे त्याला माहीत नाही. डॉक्टरने नाव घेतलं नाही. मी तोंड उघडलं आणि विचारलं की चहा घेणार का. घेतला. दोघेही मशीन फिरताना बघत बसलो.

मास्तरला जागा मिळाली. सकाळी तो येऊन बाकावर बसला. त्याला घोटा कधीचा कळला होता, तो पाऊल कसं पडतं ते बघतो. म्हणूनच थांब म्हणाला होता. स्वतःची जागा जात असताना म्हणाला, आणि मी त्याला नियम शिकवला. आज तो म्हणाला की लिही काहीतरी, हात चालू ठेव. म्हणून हे पत्र एवढं लांब झालं.

पैज मी जिंकलो. कोट शिवू नकोस. शिवलास तरी मी घालणार नाही. हरणाऱ्याची अट मी पाळतो, वर्षभर इथेच.

पाटी तू लावलीस, चिठ्ठी मी लावली. दोघांनाही तो काही बोलला नाही. त्याच्यापेक्षा तू मला जास्त जपावंस असं मी लिहिलं होतं, ते वाक्य मात्र तू खोड.

हे पत्र मी त्याच्याच हाती देतोय, उद्याच्या गाडीने तो निघेल. तो पाकीट फोडणार नाही, तसा तो नाही. तू वाचून झालं की समोर बसवून त्यालाही वाचून दाखव. मला तोंडाने जमलं नाही. मग तो जे म्हणेल ते मला जसंच्या तसं कळव, गोड करून नको.

माझ्या वाट्याची माया थोडे दिवस त्याला दे, माझं भागेल.

तुझा,
भिंगरी

ता. क. इथून पळायचं म्हणून पुढच्या गावाच्या तिकिटासाठी बाजूला टाकत होतो, ते पैसे सगळे पाकिटात आहेत. त्याच्या घोट्यासाठी. चार हजार सातशे चाळीस.