ढोल्यासाठी जागा कर

घरच्या मालकीणबाईंना म्हाताऱ्याचा प्रेमाचा नमस्कार.

मी ठणठणीत आहे. तुझे गुडघे काय म्हणतात?

पंधरवड्यात लाकडाच्या वखारीतलं काम सोडून कायमचा घरी येतोय. सोबत इथला ढोल्या कुत्रा आहे. गुणी आहे गं, फक्त वासराएवढा, आणि पाणी प्यायला की घरभर गळत हिंडतो.

शेपटी पोचेल तिथल्या बरण्या वर चढव. चपला कपाटात कोंड. दाराशी गोणपाट टाक.

"म्हातारपणी हे काय खूळ!" म्हणशील. अगं, दार वाजलं की तो माझी बाही ओढतो. करवतीच्या आवाजानं माझा डावा कान गेलाय. म्हणून त्याचं अंथरूण खाटेच्या डावीकडे घाल.

उजवीकडे तू बस. तुझी बोलणी खायची आहेत अजून.

तुझाच,
घरी निघालेला