मानेतला केशरी ठिपका

ताई,

तू माझं पत्र उघडणार नाहीस हे ठाऊक आहे, म्हणून मनात येईल ते लिहिते.

आज माझ्या मानेतल्या रक्तवाहिनीचं स्कॅन झालं. तिथल्या सिस्टरने किंचित किरणोत्सारी औषध टोचलं आणि मंद उजेडाच्या खोलीत झोपवलं. "आजी, तासभर अजिबात बोलायचं नाही," म्हणाली. मी आणि गप्प! तू असतीस तर पोट धरून हसली असतीस. औषध अंगभर फिरत होतं आणि मी कुठेतरी तरंगत होते. लहानपणीसारखी तू माझी वेणी घालत होतीस, दर पेडाला एक टपली मारत होतीस.

मग डॉक्टरांनी चित्र दाखवलं. वाहिनीत दगडासारखा पांढरा थर होता. "हा जुना आहे, शांत झालाय," ते म्हणाले. मला वाटलं, आपलंही तसंच. आईचं कुणी जास्त केलं यावरून भांडलो, अबोला धरला, थर बसला. पण चित्रात त्या थराच्या शेजारीच एक केशरी ठिपका निखाऱ्यासारखा चमकत होता.

"इथे रोग अजून जागा आहे," डॉक्टर म्हणाले. " गोळ्यांनी निवेल. सख्खी बहीण आहे का? तिलाही तपासून घ्यायला सांगा."

"आहे ना," मी म्हटलं, आणि माझाच आवाज मला गोड लागला.

तशीच तुझ्याकडे निघाले असते. पण त्या औषधामुळे आजचा दिवस लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही असं बजावलंय, आणि तुझ्या नातीला मला मांडीवर घ्यायचंय.

म्हणून हे पत्र न उघडता राहू दे. उद्या सकाळी मी येईन, तेव्हा दार तरी उघड.

तुझी,
बडबडी