छप्पर एकाच विमानाला

३ ऑगस्ट, सोमवार

संग्रहालयाच्या उघड्यावरच्या विमानांसाठी छप्पर मंजूर झालं! पण एकाच विमानापुरतं. मी सांभाळते ते फायटर आत जाणार की आमचा पेंटर सांभाळतो ते अगडबंब मालवाहू, हे पुढच्या आठवड्यात समिती ठरवणार.

माझंच गेलं पाहिजे. हट्टच आहे माझा! महिनाअखेर मी निवृत्त. माझ्या जागी कोणी येणार नाही, साहेबांनी तोंडावर सांगितलंय — "पदच रद्द झालंय हो, बाई." मग उन्हापावसात त्याची काळजी कोण घेणार? संग्रहालयात येणारी पोरं फक्त पंखाला लोंबकळतात.

५ ऑगस्ट, बुधवार

फायटर शेपटीपासून नाकापर्यंत धुतलं. वैमानिकाच्या जागेवरच्या काचेचं रबर बदललं. चाकांखालचं गवत उपटलं. कंबर गेली कामातून.

घरी हे म्हणाले, "माझे बूट कधी एवढे चमकवले नाहीस!"

म्हटलं, तुम्ही वर्षभर उघड्यावर उभे राहा, मग बघू.

८ ऑगस्ट, शनिवार

हसून हसून पोट दुखलं. रात्रभर पाऊस, आणि सकाळी बघते तर मालवाहू शेपटीवर बसलेलं! पुढचं चाक अधांतरी.

पेंटर म्हणाला, "ताई, वाऱ्याने झालं असेल."

वारा कसला! मी पोटाखाली शिरले. एकूण एक भोक पुट्टीने बंद. "चिमण्या घुसतात ना, म्हणून मीच बुजवली," — वर अभिमान! अरे बाबा, ती पाणी निथळायची भोकं. पाणी आत साठलं, शेपटी जड झाली.

ड्रिल घेऊन भोकं मोकळी करायला गेला, तोही नेमका खालीच उभा राहून. सगळं गढूळ पाणी डोक्यावर! शेजारच्या शिडीवर होते, हसण्याच्या नादात पडता पडता वाचले.

पण आतला पत्रा बघितला आणि हसू थांबलं. सगळीकडे गंजाची पांढरी पूड. बोटाने दाबलं की पापुद्रे सुटतात. पेंटरचा चेहरा एवढासा झाला. "रंग मारून टाकू का, ताई?"

म्हटलं, काही झाकू नकोस, आहे तसं दाखव.

यात माझा स्वार्थ होताच. कुजकं विमान आत कोण घेणार?

१० ऑगस्ट, सोमवार

उद्या समिती. फायटरचं नाक असं चमकतंय की त्यात बघून केस विंचरावेत. विंचरलेही!

११ ऑगस्ट, मंगळवार

छप्पर मालवाहूला. "ते आणखी एक पावसाळा काढणार नाही," अध्यक्ष म्हणाले. मग माझ्या फायटरच्या पंखावर हात फिरवत — "याला कशाला हवंय छप्पर? याला तुम्ही आहात की!"

साहेब खाली बघत राहिले. मी मात्र लाजून हसले. रडू घरी आल्यावर आलं.