कागदाची मागची बाजू

१४ नोव्हेंबर १९८८

प्रिय आत्या,

नमस्कार. मी धडधाकट आहे, वेळेवर जेवते, स्वेटर घालते. तुझे तीन प्रश्न संपले. चौथा ट्रंकेचा, त्यावर येतेच.

नोकरी बदलली. ओरडू नकोस, चार महिने टिकले आहे. बोटीवरचं काम सोडलं, कारण मला बोट लागते हे बोटीवर गेल्यावर कळलं. आता एका नाटक कंपनीच्या कपडेपटात आहे. उसवलेलं शिवायचं, बटणं लावायची. आमच्या प्रमुख बाईंना सगळे टाचणीबाई म्हणतात. तोंडात कायम दोन टाचण्या, त्यामुळे रागावल्या तरी नुसतं पुटपुटल्यासारखं वाटतं. खिडकीखाली एक मांजर आहे, तिला... जाऊ दे.

गेल्या आठवड्यात साठीच्या एक बाई जुना कपडा द्यायला खोकं घेऊन आल्या. मी झाकण काढलं आणि कपडा टेबलावर पसरला. हिरव्या सॅटिनचा पायघोळ गाऊन, एक खांदा उघडा, पुढे कमरेपासून पंख्यासारख्या चुण्या. अकरा. मोजाव्या लागल्या नाहीत, मला माहीत होत्या.

कशा, ते सांगते. घर सोडताना ट्रंकेतलं, तू काढलेलं याच गाऊनचं चित्र मी उचललं. विचारलं असतं तर तू ते फाडलं असतंस. दोन वर्षं, जिथे राहीन तिथे भिंतीला लावते आहे.

त्याबद्दल तू एकदाच बोललीस, इस्त्री करता करता. शिंप्याच्या दुकानातलं तुझं पहिलं चित्र. गिऱ्हाइकाच्या डाव्या खांद्यावर भाजल्याचा डाग, तो झाकायचा होता, आणि शिवून आलं तर नेमका तोच उघडा. कटिंगमास्तर म्हणाले, पोरीने उलटं काढलं. दुसऱ्या दिवसापासून तू घरी. मग पेन्सिल धरलीस ती सामानाच्या यादीपुरती.

आत्या, तू उलटं काढलं नव्हतंस. चित्रातली बाई आपल्याकडे तोंड करून उभी आहे, तिचा डावा खांदा कागदाच्या उजवीकडे येतो. मास्तरांनी कागदावर दिसलं तसं कापलं. गाऊनशी ताडून बघायला मी चित्र भिंतीवरून काढलं, तर मागे तू तिची पाठही काढलेली, डाव्या खांद्यापाशी बारीक अक्षरात "झाकणे". कागद कोणी उलटलाच नाही. मीसुद्धा.

त्या बाईंना विचारलं, "हा कधी घातलात?"

"शिवून आला त्याच संध्याकाळी. दुसरं होतं काय घालायला? आधी रडले. मग हे दारातून म्हणाले, येतेस की मी एकटाच नाचू? गेले. डागाकडे कोण बघतंय, सगळ्यांचे डोळे चुण्यांवर. पुढे वीस वर्षं घातला. याचं चित्र काढलं होतं कोणी हो?"

"माझ्या आत्याने."

"मग सांगा त्यांना, दोनदा सैल करून घेतला, पण चुण्यांना कोणाला हात लावू दिला नाही."

खालची कड पार झिजली आहे. नाचून.

नव्या नाटकात टाचणीबाईंना असाच नवा गाऊन हवा आहे, पण खांदा तुझ्या चित्रातला. मी म्हटलं, काढणारी आल्याशिवाय कापडाला कात्री लागणार नाही. त्यांनी तोंडातल्या टाचण्या काढल्या आणि स्वच्छ म्हणाल्या, "बोलाव."

चित्र टपालाने पाठवणार नाही. कापायच्या टेबलापाशी टांगलं आहे, मागची बाजू पुढे करून. न्यायला तू ये. खोलीत दुसरी खाट टाकली आहे, पेन्सिलला टोक केलं आहे.

तू येईपर्यंत इथून न हलणारी,
तुझी भिंगरी